कमी गुन्ह्यांच्या जिल्ह्याची डायरी

सिंधुदुर्गातल्या एखाद्या पोलीस ठाण्यात सकाळी ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ तास-दोन तास बसून राहिलं, तर आधी काय दिसतं? कुणाची गुरं शेजाऱ्याच्या कुणग्यात शिरलेली असतात. कुणाच्या पायवाटेवर चुलतभावाने रातोरात चिऱ्यांचा गडगा घातलेला असतो. मुंबईहून आलेला कुणी सामायिक घराच्या पडवीवरून भांडून आलेला असतो, तर कुणाला पासपोर्टच्या पडताळणीची घाई असते. अंमलदार कागद पुढे ओढून नाव, वाडी, वय विचारू लागतो, आणि नेमकं तेव्हाच तक्रार घेऊन आलेली म्हातारी त्याचा हात थांबवते. “साहेबानू, तेका जरा दम भरा. पण केस करू नकात.”

या जिल्ह्यातल्या गुन्ह्यांचा आकडा समजून घ्यायचा असेल, तर या वाक्यापासून सुरुवात करावी लागते.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८ लाख ६८ हजारांच्या वर होती, म्हणजे वाढण्याऐवजी घटली. हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. कमावती माणसं मुंबई, पुणे, गोव्यात आणि गावात म्हातारी माणसं, बायका नि कुलपं, हे चित्र त्या आकड्यांतूनच दिसतं. राज्यातल्या शांत जिल्ह्यांत सिंधुदुर्गाचं नाव घेतलं जातं आणि ते खोटं नाही. रात्री उशिरा एकटी बाई एसटीतून उतरून माडांच्या आगरातून घरी चालत जाते, ही इथली रोजची गोष्ट आहे. पण शांतता वेगळी आणि गुन्ह्यांचा दर वेगळा. दर तयार होतो तो ठाण्यातल्या कागदावर, आणि तो कागद कसा तयार होतो हे पाहण्यासारखं आहे.

तक्रार ऐकताना अंमलदाराच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: दखलपात्र की अदखलपात्र? दखलपात्र असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली प्रथम खबर नोंदवायची, गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तपासी अंमलदार ठरतो, पंचनामा होतो. अदखलपात्र असेल तर कलम १७४ लागू. ‘एनसी’ची पावती हातात मिळते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलीस तपास करू शकत नाहीत. शिवी दिली, किरकोळ हात उगारला, हे बहुतेक याच खान्यात जातं. गडग्याचा नि पायवाटेचा वाद ‘दिवाणी बाब’ म्हणून कोर्टाकडे बोट दाखवून मिटतो. वर्षाच्या शेवटी जिल्ह्याचा म्हणून जो दर सांगितला जातो, त्यात दखलपात्र गुन्हेच मोजले जातात. त्यातही एक नियम असा, की एकाच फिर्यादीत चार गुन्हे असले तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग त्यातला सर्वांत गंभीर तेवढा धरतो. घरात घुसून, मारहाण करून, दागिने नेऊन खून केला असेल, तर आकड्यात फक्त खून.

आणि यातलं बरंचसं ठाण्याच्या पायरीपर्यंतही येत नाही. तळकोकणात चोरीचा संशय आला की आधी देवळात गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो. त्यानंतर गावकी बसते, मानकरी बोलतात, पोलीस पाटलाला निरोप जातो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला हा पाटील म्हणजे ठाण्याचा गावातला कान. कुणाच्या घरात कोण परका माणूस उतरला, कुठल्या वाडीत दोन भाऊ कोयता घेऊन उभे राहिले, हे त्याला बीट अंमलदाराच्या आधी कळतं. २००७ च्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तर गावात तडजोड करण्याला सरकारी बक्षीसच जोडलं.

बांधाच्या, गुरांच्या, माडाच्या झावळ्यांच्या भांडणात ही तडजोड फार मोलाची आहे. कोर्टात तीन पिढ्या झिजण्यापेक्षा एका बैठकीत दोन घरं पुन्हा बोलू लागतात. मात्र नवऱ्याचा मार खाणारी बाई हीच वाट धरून आली, तर तिचं काय होतं? तिचं दुखणं ‘घरातला विषय’ ठरतं. गावकीत बसणारे बहुतेक पुरुष. तिला परत त्याच घरात पाठवलं जातं आणि कागद कोराच राहतो. ज्या गावात अशी एकही नोंद नाही, त्या गावाला आपण शांत म्हणतो. हे म्हणणं थांबलं पाहिजे. तडजोडीची हद्द गडग्यापाशी संपली पाहिजे, हे प्रत्येक तंटामुक्त समितीला स्पष्ट सांगणारा अधिकारी हवा.

कुलूपबंद घरांची गोष्ट आणखी वेगळी. मे महिना संपला की चाकरमानी दाराला कुलूप लावून जातो, तो थेट गणपतीच्या आदल्या दिवशी येतो. येऊन पाहतो तर मागच्या दाराचा कडीकोयंडा उचकटलेला, कपाट उघडं, देवघरातली पितळी समई आणि माळ्यावरची तांब्याची भांडी नाहीत. फिर्यादीत गुन्ह्याची वेळ लिहावी लागते. ती अशी लिहिली जाते: जूनच्या पहिल्या आठवड्यापासून अमुक तारखेपर्यंत, दरम्यान केव्हातरी. या तीन महिन्यांत पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर पडून गेलेला असतो. बोटांचे ठसे नाहीत, पावलं नाहीत, श्वानाला वास धरायला काही उरलेलं नाही. शेजारच्या घरालाही कुलूप, त्यामुळे साक्षीदार नाही. शिमगा ते मे आणि जून ते गणपती अशी सुट्टीची दोन टोकं धरून घरफोड्या उघडकीला येतात, म्हणून भाद्रपदात नोंदी एकदम चढतात. तक्त्यावर तो चढ पाहून कुणाला वाटेल, सणात चोर आले. चोर कदाचित आषाढातच येऊन गेला असेल. अनेक ठाण्यांत बीट अंमलदार आणि पोलीस पाटील बंद घरांची यादी ठेवतात, गस्तीत तिथे फेरी मारतात. एका बीटात पंधरा-वीस गावं, आणि प्रत्येक गाव सात-आठ वाड्यांत डोंगरउतारावर विखुरलेलं. रात्रीच्या गस्तीची गाडी जाते ती डांबरी रस्त्याने. घर असतं घाटीच्या पायऱ्या उतरून आगरात.

१ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले, तेव्हा इथल्या बागायतदाराच्या दृष्टीने एक महत्त्वाचा बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी आता अदखलपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल परत केला, तर शिक्षा समाजसेवेची. मोठ्या शहरात हा बदल कुणाला जाणवणारही नाही. पण इथे चोरी होते ती नारळाची, सुपारीची, कलमावरून उतरवलेल्या दोन करंड्या हापूसची, पहाटे झाडाखालून गोळा केलेल्या काजूबियांची. यातली पुष्कळशी पाच हजारांच्या आत बसते. छोट्या कलमवाल्याचं नुकसान तेवढंच राहिलं, गुन्ह्याच्या आकड्यातून ते निघून गेलं. २०२३ आणि २०२५ चे चोरीचे आकडे शेजारी मांडून कुणी ‘घट’ दाखवू लागला, तर पाच हजारांच्या आतल्या चोऱ्या कुठे गेल्या, हे त्याला विचारावं.

दराचं गणितही लहान जिल्ह्याला जाचक असतं. दर काढतात तो लाख लोकसंख्येमागे. सिंधुदुर्गात साडेआठ गुन्हे वाढले की दर एकाने वाढतो; मुंबई शहर आणि उपनगर मिळून २०११ च्या सव्वा कोटीच्या आसपासच्या लोकसंख्येला त्यासाठी जवळपास सव्वाशे गुन्हे लागतात. चिवल्याला, तारकर्लीला, शिरोड्याला डिसेंबरात उतरणारे पर्यटक या लोकसंख्येत धरलेले नाहीत. आंबा हंगामात बागांची राखण करणारे नेपाळी नाहीत, बोटींवरचे परराज्यातले खलाशी नाहीत. त्यांनी केलेला किंवा त्यांच्यावर झालेला गुन्हा मात्र इथल्याच खात्यात पडतो.

काही आकडे तर गुन्हेगाराच्या हालचालीपेक्षा पोलिसांची हालचाल जास्त सांगतात. गोव्याची हद्द ओलांडली की दारूचा भाव बदलतो. त्यामुळे बांदा, इन्सुली, दोडामार्गच्या रस्त्यांवर ‘गोवा बनावटीची दारू’ हा बारमाही विषय आहे. भाजीच्या टेम्पोत, सीटखालच्या चोरकप्प्यात, फरशीच्या खाली खोके लपवलेले सापडतात. नाकाबंदी कडक झाली की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखालचे गुन्हे वाढतात, ढिली पडली की कमी होतात. अशा वेळी वाढलेला आकडा हे चांगल्या कामाचं लक्षण असतं, आणि तो पाहून जिल्ह्याला दोष देणं हे त्या नाक्यावर रात्र काढणाऱ्या शिपायावर अन्याय करणं आहे.

गुन्हा कुठे घडला, यावरही खूप अवलंबून असतं. आंबोलीच्या खोल दऱ्यांत घाटावरून आणून टाकलेले मृतदेह सापडतात. २०१७ साली सांगलीच्या पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या तरुणाचा मृतदेह आंबोलीत आणून जाळण्यात आला होता. खून सांगलीचा, राख सिंधुदुर्गातली. सायबर फसवणुकीत उलटं होतं. निवृत्त मास्तरांना मोबाइलवर खोटा पोलीस दिसतो, ‘डिजिटल अटक’ सांगतो, आयुष्याची पुंजी तासाभरात चार राज्यांतल्या खात्यांतून फिरून जाते. फिर्याद इथे, आरोपी दीड-दोन हजार किलोमीटरवर. १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन गेला तर रक्कम गोठवता येते, पण मास्तर लाजेने दोन दिवस मुलालाही सांगत नाहीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या जिल्ह्यात हा गुन्हा घरफोडीपेक्षा जास्त नुकसान करतो, असं हे काम जवळून पाहिल्यावर वाटल्याशिवाय राहत नाही.

मग समुद्र. सिंधुदुर्गाला सव्वाशे किलोमीटरच्या आसपास किनारा आहे, त्यात खाड्या, जेट्ट्या, होड्या लागण्याच्या अनेक जागा. पोलिसांच्या भाषेत ‘लँडिंग पॉइंट’. कोकणाच्या किनाऱ्याला ही भाषा अनुभवाने शिकवली. १९९३ साली रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. ते उतरवून घेण्यात सरकारी गणवेशातली माणसंही सामील होती, हे न्यायालयात सिद्ध झालं. २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका पळवून दहा अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी, गस्ती नौका, मच्छीमारांची ओळखपत्रं, गावोगावची सागर सुरक्षा दलं असा पसारा उभा राहिला. नाव, इंजिन, खलाशी किती, कुठले, जाळी कोणती, हे बंदरावर तपासलं जातं. ‘सागर कवच’ सरावात तर तटरक्षक दल आणि पोलीस मिळून खोटे अतिरेकी समुद्रातून पाठवतात आणि किनाऱ्यावरची माणसं त्यांना अडवतात की नाही हे पाहतात.

या सगळ्यात अनोळखी होडी पहिल्यांदा कुणाला दिसते? बहुधा जाळं टाकायला पहाटे गेलेल्या गाबित मच्छीमाराला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ वाहत आलेल्या बोटीत तीन एके-४७ रायफली सापडल्या आणि राज्यभर धावपळ झाली. ती एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, इंजिन बंद पडल्याने ओमानजवळ सोडून दिलेली ‘लेडी हान’ निघाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये दापोलीच्या कर्दे, लाडघर, केळशी भागांत लाटांबरोबर चरसची पाकिटं येऊ लागली आणि अडीचशे किलोंच्या घरात माल जप्त झाला. दोन्ही वेळा महिना ऑगस्ट, म्हणजे वारा नि लाटा किनाऱ्याकडे, समुद्रावर माणूस कमी. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, पण खवळलेल्या पाण्यात लहान होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत निघत नाहीत. किनारा सर्वांत उघडा पडतो तो याच दिवसांत. वीस मीटरपेक्षा लहान नौकांवर ओळख सांगणारी यंत्रणा सक्तीची नव्हती. त्यांच्यासाठी एक लाख ट्रान्सपॉन्डरची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये सुरू झाली. ते यंत्र तांडेलाला वादळाची सूचनाही देतं, म्हणून मच्छीमारही ते मागतात. केवळ पाळतीसाठी बसवलेलं यंत्र त्यांनी मनापासून वापरलं नसतं.

ठाण्यात परत यावं तर कपाटात आणखी एक रजिस्टर असतं, अकस्मात मृत्यूचं. बुडालेले, सर्पदंशाने गेलेले, विहिरीत सापडलेले, झाडावरून पडलेले, सगळे इथे. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. रायगडात मुरूडच्या समुद्रात १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याचे चौदा विद्यार्थी गेले होते. बोटचालकाचा हलगर्जीपणा दिसला तर गुन्हा दाखल होतो. नुसतं पाण्यात उतरून कुणी बुडालं, तर चौकशी होते, अहवाल जातो, फाइल बंद होते. गुन्ह्याच्या दरात ती माणसं कुठेच नसतात. महामार्ग ६६ वरच्या अपघातांचं जरा वेगळं. हलगर्जीपणाने झालेला मृत्यू मोजला जातो, पण ‘गुन्हेगारी’ म्हणताना तो कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. सिंधुदुर्गात येणाऱ्या किंवा राहणाऱ्या माणसाचा जीव कशाने जाण्याची भीती आहे, हे मात्र याच नोंदींतून कळतं.

दर महिन्याला जिल्ह्याची क्राइम मीटिंग होते. किती दाखल, किती उघड, किती प्रलंबित, असा तक्ता प्रत्येक प्रभारी अधिकारी मांडतो. त्याच तक्त्याला आणखी दोन रकाने जोडणं अवघड नाही: अदखलपात्र नोंदी वाडीनिहाय, आणि अकस्मात मृत्यू जागा व वेळेनिहाय. एकाच घरातून वर्षात तीनदा एनसी आली असेल, तर तिथे महिला अंमलदार पाठवता येईल. वायरीला कुठल्या भरतीला, कुठल्या तासाला माणसं बुडतात हे दिसलं, तर जीवरक्षक त्या तासाला तिथे उभा करता येईल. हे सगळं लिहिलेलं आहे, प्रत्येक ठाण्यात, हवालदाराच्या अक्षरात आणि आता संगणकातही. ते वर्षाच्या अहवालात छापून ग्रामपंचायतींना आणि मच्छीमार सोसायट्यांना वाटायला हवं.