इमॅजिकाला निघण्यापूर्वी

वार्षिक परीक्षा संपत आल्या, की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक वाक्य ऐकू येऊ लागते. "डॉक्टर, पोरांना घेऊन इमॅजिकाला निघालोय, उलटीच्या गोळ्या द्या." एका पिढीपूर्वी हेच वाक्य एस्सेल वर्ल्डच्या नावाने ऐकू येई. गोराईचे ते उद्यान १९८९ साली सुरू झाले आणि महाराष्ट्रातील कित्येक मुलांनी आपला पहिला मोठा पाळणा तेथेच पाहिला. २०१३ साली रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोलीजवळ, इमॅजिका उभे राहिले. पुढे त्याला जलोद्यान, बर्फाचे दालन आणि मुक्कामाचे हॉटेल यांची जोड मिळाली. हल्ली आमच्या तालुक्यातील कुटुंबेही वर्षभर पैसे साठवून तेथे जातात. त्यांनी जरूर जावे. मात्र उलटीच्या गोळीपलीकडेही काही तयारी असते, आणि ती तिकिटे काढण्यापूर्वी करावी लागते.

प्रथम अंतराचा हिशेब. महाराष्ट्रात दोन कर्जत आहेत. रायगडातील कर्जत रेल्वेचे, डोंगरपायथ्याचे. आमचे कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यातील, राशीन-रेहेकुरीच्या माळरानाचे. 'कर्जतपासून जवळच' असे कोठेतरी वाचून एका गृहस्थांनी सकाळी आठला निघण्याचा बेत आखला होता. ते 'जवळ' दुसऱ्या कर्जतला लागू पडते. आपल्याला राशीन, भिगवण, पुणे, द्रुतगती मार्ग आणि बोरघाट असा दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आहे. म्हणून बहुतेक कुटुंबे पहाटे तीनला गाडी काढतात, दिवसभर उद्यानात फिरतात आणि रात्रीच परत फिरतात. मुक्कामाचा खर्च वाचतो.

हा बेत मला सर्वांत अधिक भीतिदायक वाटतो. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि डोळे यांच्या समन्वयाच्या चाचणीत रक्तामध्ये ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. आपल्या कायद्याची वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे तीनला उठलेल्या वडिलांचे सतरा तास रात्री आठला भरतात, म्हणजे नेमके ते सुकाणू हाती घेऊन द्रुतगती मार्गाला लागतात तेव्हा. मागच्या आसनावर सारे कुटुंब झोपलेले असते. चहा आणि तंबाखूने झोप मारता येते, हा समज चुकीचा आहे. काही सेकंदांची डुलकी चालकाला स्वतःलाही कळत नाही. एक रात्र खोपोली, लोणावळा किंवा पुण्यातील नातेवाइकांकडे काढावी. तेवढे जमत नसेल, तर ज्याला दिवसभर झोप मिळाली आहे असा चालक सोबत घ्यावा. दोन्ही जमत नसेल, तर सहल पुढे ढकलावी. खर्चाला कात्री लावायचीच असेल, तर ती उद्यानातील खाण्यापिण्यावर लावावी.

घाटातील उलट्यांविषयी थोडक्यात सांगतो. आतल्या कानाला हालचाल जाणवते, डोळ्यांना ती दिसत नाही, आणि त्या विसंवादातून मळमळ होते. म्हणून मुलाला मोबाइल देऊ नये, शक्यतो खिडकीतून दूरवर पाहण्यास सांगावे. पोट अगदी रिकामे नसावे, तसेच वाटेतल्या मिसळीने भरलेलेही नसावे. गोळी घाटापूर्वी निदान अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर पडते. दोन वर्षांखालील बाळाला ही औषधे देऊ नयेत. मोठ्या मुलांची मात्रा वजनावर ठरते, शेजाऱ्याच्या मुलाला लागू पडली म्हणून ती आपल्या मुलाला देऊ नये.

आता उन्हाविषयी. येथे मला माझी एक चूक सांगावी लागेल. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या एका कुटुंबाने एका मोठ्या उद्यानाची सहल ठरवली. सोबत साठीच्या पुढच्या आजी होत्या. रक्तदाबासाठी त्यांना मीच लघवी वाढवणारी गोळी सुरू केली होती. जाण्यापूर्वी त्या तपासून घ्यायला आल्या. रक्तदाब उत्तम होता. "जा खुशाल," असे मी म्हणालो आणि पुढचा रुग्ण बोलावला. दुपारी दोनच्या सुमारास रांगेत उभ्या असताना त्यांना घेरी आली. त्या कोसळल्या. काही काळ त्या असंबद्ध बोलत होत्या. सावलीत नेऊन, पाय उंच करून, पुढे रुग्णालयात सलाइन लावल्यावर संध्याकाळपर्यंत त्या सावरल्या. कारण नंतर कळले. आदल्या रात्रीपासून त्यांनी दोन पेले पाणीही घेतले नव्हते. "वाटेत बाईमाणसानं कुठं जायचं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. गोळीने शरीरातील पाणी आणि क्षार बाहेर पडतच होते. मी रक्तदाब मोजला होता. पाणी किती पिणार, हे विचारले नव्हते.

आपल्याकडच्या लोकांना आणखी एक भ्रम असतो, तो म्हणजे ऊन आम्हाला नवीन नाही. खरे आहे, कर्जतचा मे महिना चाळीस अंश ओलांडतो. परंतु आपली हवा कोरडी आहे. घाम येतो, वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. घाट उतरून कोकणात गेले, की पारा पाच अंश खाली असूनही हवेतील दमटपणामुळे घाम वाळत नाही, तो नुसता वाहत राहतो. पाणी व मीठ जाते, थंडावा मात्र मिळत नाही. म्हणून शक्य असेल तर ही सहल दिवाळीनंतरच्या दिवसांत काढावी. उन्हाळ्यातच जायचे असेल, तर बारा ते चार हा वेळ वातानुकूलित खेळांत किंवा सावलीत काढावा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. जलसंजीवनीची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्ध्या बाटलीत पुडी ओतल्यास क्षारांचे प्रमाण घातक ठरू शकते. खोक्यातून मिळणारी गोड पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ साली अशा पेयांच्या नावातून 'ओआरएस' ही अक्षरे काढण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी काय करायचे, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. डॉक्टर विसरले, तर आपण आठवण करून द्यावी.

प्रत्यक्ष पाळण्यांविषयी लोक विचारतात, "हृदयाला चालेल का?" जर्मनीत मानहाइमच्या डॉक्टरांनी ५५ निरोगी माणसांना वेगवान रोलर कोस्टरमध्ये बसवून आलेख काढला होता. नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ९१ वरून १५३ वर गेले. शरीराला बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा भीती आणि ताण यांचा त्यात मोठा वाटा होता. निरोगी तरुणाला हे सहज सोसते. ज्यांना हृदयविकार आहे, रक्तदाब आटोक्यात नाही, अपस्मार आहे, मानेचा किंवा पाठीचा मणका दुखावलेला आहे, ज्यांची अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी खालीच थांबावे. दमा असलेल्या मुलाला बर्फाच्या दालनात नेण्यापूर्वी त्याचा पंप सोबत असल्याची खात्री करावी. थंड हवेने श्वासनलिका आकुंचन पावतात. उंचीच्या पट्टीशी वाद घालू नये. ती पट्टी मुलाच्या धैर्याची नसून सुरक्षापट्टा त्याच्या अंगाला नीट बसतो की नाही, याची असते.

मधुमेहींसाठी एक अगदी साधी बाब. रांगेत तास जातो, जेवण लांबते, सकाळच्या गोळीने साखर उतरते. ग्लुकोजची पुडी पिशवीत असते आणि पिशवी लॉकरमध्ये. ती खिशात हवी. इन्सुलिन बंद गाडीत ठेवू नये, थर्मासमध्ये ठेवावे, परंतु बर्फाला चिकटू देऊ नये. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून औषधे आणि बाळाच्या आहाराविषयी आधीच दूरध्वनी करून विचारावे.

सहलीपूर्वी उलटीच्या गोळीच्या खालोखाल मागणी असते, ती पाळी पुढे ढकलण्याच्या गोळीची. ती मागणी बहुधा हळू आवाजात होते. गेल्या वर्षी एक नवविवाहिता सासूबाईंसोबत आली. सासूबाईंना बाहेर बसवून मी आधी लघवीची चाचणी करायला सांगितली. गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली. घरात इतक्या लवकर सांगायचे नाही, आणि दिरा-जावांबरोबर सर्व पाळण्यांत बसायचे तर आधीच ठरलेले! मी खोटे काही लिहून दिले नाही. 'वेगवान व झटक्याचे पाळणे वर्ज्य' एवढेच चिठ्ठीवर लिहिले. कारण लिहिण्याची सक्ती डॉक्टरवर नसते. पतीला मात्र तिने त्याच रात्री सांगितले, आणि सहलीत तो दिवसभर तिच्यासोबत खालीच थांबला. ही गोळी म्हणून कोणीही औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नये. शिरांत गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

त्या आजी गेल्या डिसेंबरात पुन्हा गेल्या. वाटेत एक मुक्काम केला. नातवाने पाण्याची बाटली गळ्यात अडकवून दिली होती आणि दर तासाला तो ती तपासत होता. परत आल्यावर त्या रक्तदाब मोजायला आल्या. कसे वाटले, असे मी विचारले. पाळणा, रोषणाई, मिरवणूक यांपैकी कशाचाही उल्लेख न करता त्या म्हणाल्या, "संडास एवढं साफ असत्यात, हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मागच्या टायमाला पाणी प्याले नसते का मी?"