खुरपं, कोळपं आणि टिलर

कृषिगणनेनुसार १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर, तेही बरेचदा दोन-तीन तुकड्यांत. एवढ्या रानावर बैलजोडी वर्षभर पोसणं जड जातं आणि स्वतःचा ट्रॅक्टर तर त्याहून जड. मग नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो, दोन तासांत काम उरकून जातो, आणि पुढचे तीन महिने तण काढायला बायका खुरपं घेऊन वाकलेल्या असतात. हातअवजार की यंत्र, या वादात माझ्या मते पहिला प्रश्न हाच असावा: कोणत्या कामात कुणाची कंबर मोडते?

यंत्रावर राग धरून चालणार नाही. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. पुढे काळ्या रानातली खोल हरळी आणि कुंदा याच नांगराने उपटला. मळणीचंही तसंच. खळ्यावर बैलांची पात धरून रात्री जागवणं आज कुणाला हवंय? वापसा दोन-चार दिवसच टिकतो. तेवढ्यात पेरणी साधायची तर यंत्रासारखा आधार नाही.

पण घाई झाली की हेच यंत्र रान बिघडवतं. ओल असतानाच ट्रॅक्टर घातला की माती दबते. दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर रोटाव्हेटर फिरवला की वरची माती भुसभुशीत दिसते आणि तिच्याखाली घट्ट थर तयार होतो. मुळं तिथे अडतात, पाणीही अडतं. कोकणातल्या उतारावरच्या अरुंद खाचरांत तर ट्रॅक्टर वळतच नाही. तिथे पॉवर टिलर चालतो, पण एका खाचरातून दुसऱ्यात उतरवताना बांध ढासळतो आणि दोन माणसांची दमछाक होते.

खुरपं आणि ट्रॅक्टर यांच्यामधली पायरी आपण फार दुर्लक्षित ठेवली आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा घ्या. साध्या विळ्याला हिसका द्यावा लागतो, म्हणून मनगट भरून येतं आणि धार सारखी लावावी लागते. वैभव विळ्याला बारीक दाते असतात. मुठीत चूड धरायचा, पातं बुंध्याशी टेकवायचं आणि आपल्याकडे ओढायचं. दाते करवतीसारखे कापत जातात. कापणी जमिनीलगत होते, त्यामुळे धसकटात दडणारी खोडकिडीची अळीही कमी उरते. इंजिन नाही, डिझेल नाही, आणि तरी कामात एवढा फरक.

सायकल कोळप्याचंही तेच. पुढे एक चाक, मागे पास, वर दोन मुठी. ओळीत उभ्याने ढकलत-ओढत गेलं की पास मातीखालून इंच-दीड इंच सरकते आणि कोवळं तण मुळाशी तुटतं. तण गुडघ्याएवढं झाल्यावर मात्र उपयोग नाही. दोन-चार पानांवर असतानाच कोळपं फिरलं पाहिजे. पेरणीही ओळीत हवी. भातात तण काढणारा कोनोवीडर चालवायचा तर पंचवीस सेंटिमीटरवर लावणी आणि खाचरात पातळ पाणी हवं. अवजार शेताकडून शिस्त मागतं, ती दिली नाही तर ते पडवीत गंजतं. मुठीची उंचीही पाहायला हवी. पुरुषाच्या मापाची मूठ बाईच्या छातीशी आली, तर वाचलेली कंबर खांद्यांतून वसूल होते. मूठ वरखाली करता येईल असंच कोळपं घ्यावं.

सगळीकडे इंजिनाशिवाय भागतं असंही नाही; आंबा-काजूच्या बागेत ग्रासकटरला तोड नाही. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट मात्र हवेतच.

कधी कधी प्रश्नच बदलता येतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफे एकदाच करायचे. मग दरवर्षीची नांगरणी, चिखलणी आणि लावणी, तिन्ही टळतात. जुन्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. तणासाठी तणनाशकावर भिस्त ठेवावी लागते, ही त्यातली मला सलणारी बाजू. तरी चिखलात दिवसभर वाकून लावणी करणाऱ्या बाईला ही सुटका मोठीच आहे.

यंत्रांना अनुदान आहे, गावोगावी अवजारे बँका निघाल्या आहेत. पण चार शेतकऱ्यांनी मिळून टिलर घेतला, तरी वापसा सगळ्यांच्या रानात एकाच दिवशी येतो. पाळी कुणाची, हे पाऊस पडण्याआधीच ठरवलेलं बरं. हातअवजारांची अडचण वेगळी आहे. गावातला लोहार उठला, त्याचा भाता थंडावला. खुरपं शेवटून घ्यायला आता तालुक्याच्या बाजाराची वाट पाहावी लागते, तोवर बोथट खुरप्याने बायका दुप्पट जोर लावत राहतात. अवजारे बँकेच्या शेडमध्ये ट्रॅक्टरशेजारी एक ऐरण आणि एक लोहार बसवायला फार पैसा लागणार नाही.