बाळाचे न उतरलेले वृषण

महोत्सवाच्या अंकात असला विषय काढावा काय, असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या गोष्टीविषयी घरात संकोचाने बोलले जात नाही, तिच्यावरील उपायाची वेळ पुष्कळदा त्या संकोचातच निघून जाते. म्हणून चार शब्द स्पष्टपणे लिहीत आहे.

मुलगा गर्भात असताना त्याचे वृषण प्रथम त्याच्या पोटात तयार होतात आणि शेवटच्या महिन्यांत जांघेतून खाली अंडकोशात उतरतात. काही बालकांत ते वाटेतच थांबतात. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या शंभर मुलांत सुमारे ३ ते ५, तर अपुऱ्या दिवसांच्या शंभरांत सुमारे ३० मुलांत असे आढळते. यांतील बहुतेकांचे वृषण पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ते उतरण्याची आशा फार थोडी. (अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.)

अंडकोशातील उष्णता शरीराच्या आतल्यापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असते व वृषणास तीच मानवते. आतल्या उष्णतेत बीजपेशी लहानपणापासूनच कमी होऊ लागतात. पुढे संततीस अडचण येऊ शकते. दोन्ही बाजूंचा दोष असल्यास अधिकच. कर्करोगाचा धोकाही वाढतो. शिवाय अंतर्गळ होणे किंवा वृषणास पीळ पडणे, हेही संभवते.

म्हणून “मोठा झाला की उतरेल” हा वडीलधाऱ्यांचा दिलासा प्रेमाचा असला, तरी खरा नव्हे. तेल चोळून किंवा शेक देऊन वृषण खाली येत नाही. उपाय शस्त्रक्रियेचा. ती ६ ते १८ महिन्यांच्या वयात व्हावी. मुलाला भूल देऊन, जांघेत लहानशी चीर घेऊन वृषण अंडकोशात आणून टाके घालतात. बहुतेक मुले त्याच दिवशी घरी जातात. वृषण हाताला लागतच नसेल, तर दुर्बिणीने पोटात पाहतात.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आईने वा आजीने कोमट पाण्याने न्हाऊ घातल्यावर, ऊबदार हाताने, दोन्ही बाजू पाहाव्यात. थंडीने वर जाणारे व उबेत खाली येऊन राहणारे वृषण हा बहुधा रोग नव्हे. मात्र डॉक्टरांकडून दरवर्षी तपासून घ्यावे, कारण अशांपैकी काही पुढे वरच राहतात. नवजात बाळाच्या दोन्ही बाजूंस काहीच हाताला लागत नसेल, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांस सांगावे. त्यामागे दुसरा गंभीर दोष असू शकतो.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व चिंता मिटली असेही नाही. मुलगा वयात आल्यावर त्याला ही हकीकत जरूर सांगावी, म्हणजे गाठ वा सूज दिसताच तो स्वतः डॉक्टरांकडे जाईल.

यात आईबापांचा दोष नाही, लाज वाटण्याजोगेही काही नाही. सहा महिन्यांची खूणगाठ तेवढी मनाशी बांधावी, एवढीच विनंती.