इसबाचे मलम : औषध कधी, अपाय कधी?

इसब हा मोठा चिवट रोग. बरा झाला म्हणावे, तर पुन्हा उमटतो. कातडी लाल होते, सुजते, खाजते. खाजवून खाजवून पाणी सुटते. पण इसब शिवल्याने लागत नाही. तेव्हा इसबाच्या माणसाला दूर बसवू नका.

मग इसब होतो कशाने? आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारे शिपाई असतात. इसबात ते विनाकारण खवळतात आणि आपल्याच कातडीचा दाह करतात.

या शिपायांना आवरणारा रस आपल्या अंगातच असतो. कमरेच्या वर, पाठीशी, दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकावर टोपीसारखी लहान ग्रंथी असते. तिचा रस थेट रक्तात मिसळतो. अशा रसाला हार्मोन म्हणतात. या हार्मोनचे नाव कॉर्टिसॉल. तो सकाळी जास्त असतो, मध्यरात्रीच्या सुमारास कमी. रात्री खाज वाढते, त्याचे हे एक कारण मानतात.

१९५२ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी या हार्मोनचेच मलम इसबावर लावून पाहिले. गुण आला! पुढे त्याहून जहाल मलमे निघाली. त्यांना स्टेरॉइडची मलमे म्हणतात. डॉक्टर सांगतील तिथे, तितकेच दिवस लावली, तर ती फार उपयोगी पडतात.

मग अपाय कुठे होतो? माणूस दुकानात जाऊन म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." खाज इसबाची की गजकर्णाची, हे कोण पाहतो? गजकर्ण बुरशीने होते. स्टेरॉइडने शिपाई गप्प बसतात, खाज थांबते. पण बुरशीला रान मोकळे मिळते. चट्टे अंगभर पसरतात, घरच्यांनाही लागतात. काही जण गोरे दिसावे म्हणून हेच मलम तोंडाला चोळतात. कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात. मलम सोडले की आग होते. म्हणून २०१८ साली सरकारने नियम केला, की ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत.

स्टेरॉइडच्या गोळ्यांना तर फारच जपावे. त्या पुष्कळ दिवस घेतल्या, की अंगातली ग्रंथी आळसावते. मग गोळ्या एकदम बंद केल्या, तर जिवावर बेतते. डॉक्टरांच्या सांगण्याने त्या हळूहळू कमी कराव्या.

तेव्हा शेजाऱ्याची ट्यूब लावू नका. आंघोळ झाली, की अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा. आणि खाज कसली आहे, ते आधी दवाखान्यात दाखवा. मलम त्यानंतर.