कानातील खड्यावरून माशाची ओळख

मासा मेल्यावर त्याचा सांगाडा क्वचितच अखंड राहतो. प्रवाह आणि मांसभक्षक जीव हाडे विखुरतात. सुट्या दातांवरून वा खवल्यांवरून फार तर माशाचा गट कळतो. अस्थिमय माशांच्या अंतर्कर्णात मात्र कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. ऐकणे व तोल सांभाळणे या कामी उपयोगी पडणाऱ्या या खड्यांना कर्णाश्म म्हणतात. त्यांची घडण जातीनुसार बदलते. त्यामुळे गाळात गाडला गेलेला एखादा सुटा खडाही माशाची ओळख पटवू शकतो. शार्क व पाकट या कूर्चामय माशांत असे मोठे खडे नसतात.

कर्णाश्मांच्या तीन जोड्या असतात. बहुतेक माशांत सॅजिटा ही जोडी सर्वांत मोठी असते. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यातून निघणारे पांढरे खडे ते हेच. शिंगाळ्यात मात्र लॅपिलस मोठा, तर रोहूत ॲस्टेरिस्कस मोठा आणि सॅजिटा सुईसारखा बारीक असतो. म्हणून हातातील खडा कोणत्या जोडीतील, हे अभ्यासकाला प्रथम ठरवावे लागते. मग त्याची बाह्यरेषा व आतील पृष्ठावरील खाच पाहिली जाते. या खाचेच्या पुढील भागास ऑस्टियम व मागील भागास कॉडा म्हणतात. त्यांची लांबी, रुंदी व वळण यांवर ओळख मुख्यतः अवलंबून असते. पिल्लांच्या खड्यांत ही लक्षणे पुरती उमटलेली नसतात.

कर्णाश्म ॲरागोनाइट या खनिजाचे असून आम्लात विरघळतात. जीवाश्म दात वेगळे करताना खडकावर सौम्य आम्ल वापरण्याची रीत आहे. तीच येथे वापरली तर पुरावाच नाहीसा होतो. त्यामुळे गाळ पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन खडे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून वेचतात.

तुलनेसाठी आजच्या माशांचे कर्णाश्म हाताशी नसतील तर जीवाश्म खडा मुकाच राहतो. या दृष्टीने लखनौचे स्थान लक्षणीय आहे. बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली पुराविज्ञान संस्था येथे आहे आणि १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोही येथेच आहे. साहनींनी दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळात सापडलेल्या वनस्पतींचा अभ्यास केला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच काळातील, हैदराबादजवळील रंगापूरच्या थरांतून आर. एस. राणा यांनी १९८८ मध्ये गोड्या पाण्यातील माशांचे कर्णाश्म वर्णिले. २००८ मध्ये बेल्जियमचे दिर्क नॉल्फ, राणा आणि जी. व्ही. आर. प्रसाद यांनी दख्खनच्या कर्णाश्मांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. अशा फेरतपासणीत प्रजातीची खात्री नसल्यास नाव कुळापाशीच थांबवले जाते. अर्थशास्त्रातील अंदाजांनाही एवढा संयम लाभता तर बरे झाले असते!

प्रश्न आहे तो स्थळांचा. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील आद्य इओसीन काळाचे कर्णाश्म २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते लिग्नाइटच्या खाणीमुळे थर उघडे पडले म्हणून. मात्र खाण थर उघडते तशी संपवतेही. नागपूरच्या गिट्टीखदान येथून १९८४ मध्ये मासे व सरपटणाऱ्या प्राण्यांचे सूक्ष्म अवशेष वर्णिले गेले; आज ते नाव शहरातील एका वस्तीचे आहे. दगडाला व जमिनीला बाजारभाव असतो, थरातील माहितीला नसतो. तिचा लाभ सर्वांना, खर्च मात्र जागेच्या मालकाला, अशी ही सार्वजनिक वस्तू आहे. तिचे रक्षण बाजार आपणहून करणार नाही. खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये जनतेच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध केला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो.

तुलनासंग्रहाला मात्र कायद्याची वाट पाहावी लागत नाही. लखनौ विद्यापीठाचा नवा परिसर जानकीपुरममध्ये आहे. पायाखाली गंगेच्या मैदानाचा गाळ, तेथे डायनोसॉरकालीन थर हाती लागणार नाहीत. पण माशांची डोकी कोणत्याही मासळीबाजारात टाकून दिली जातात. ती आणून खडे काढावेत, वाळवावेत आणि प्रत्येक कुपीवर जात, माशाची लांबी, ठिकाण व दिनांक लिहावा. चिठ्ठी नसलेली कुपी पुढच्या अभ्यासकाच्या काही उपयोगाची नाही.