टेनकिले वाचवण्यासाठी ससे

पापुआ न्यू गिनीच्या वायव्य कोपऱ्यात, उत्तर किनाऱ्याला समांतर अशी टोरिसेली डोंगररांग आहे. तिच्या माथ्यावरच्या सदा ओल्या, ढगांत बुडालेल्या जंगलात टेनकिले राहतो. हा झाडावर राहणारा कांगारू. काळपट तपकिरी अंग, लांब शेपूट आणि फांदी घट्ट पकडणारी वाकडी नखं. शास्त्रीय जगाला त्याची ओळख झाली ती १९९० साली, ऑस्ट्रेलियाचे प्राणिशास्त्रज्ञ टिम फ्लॅनरी आणि पापुआ न्यू गिनीचे लेस्टर सेरी यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा. ओळख झाली आणि दहाएक वर्षांत निरोपाची भाषा सुरू झाली, कारण तोवर जेमतेम शंभरेक टेनकिले उरले असावेत असा अंदाज होता. एखादी जात नाहीशी होऊ लागली की आपण आधी जंगलतोडीकडे बोट दाखवतो. इथे जंगल बऱ्यापैकी उभं होतं, प्राणी मात्र संपत चालला होता. डोंगरातली माणसं त्याला मारून खात होती, आणि त्यांनी खाऊ नये असं सांगण्याआधी ती का खातात हे कोणीतरी विचारायला हवं होतं. ते काम प्राणिसंग्रहालयात जनावरांना चारा घालणाऱ्या दोघांनी केलं, आणि माझ्या मते ते त्यांनी करणं हा योगायोग नव्हता.

शिकार या प्राण्याला इतकी का भोवली, हे समजायला त्याची वीण पाहावी लागते. वृक्ष-कांगारूंच्या प्रजननाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं प्राणिसंग्रहालयांतल्या मॅटशी जातीच्या माद्यांवरून कळलेलं आहे. गर्भ दीड महिन्याच्या आसपास पोटात राहतो. घेवड्याच्या दाण्याएवढं पिल्लू जन्मतं, आईच्या अंगावरचे केस धरून पिशवीपर्यंत चढतं आणि पुढचे दहाएक महिने तिथंच वाढतं. एका वेळी एकच पिल्लू, आणि पिशवीबाहेर आल्यावरही ते बरेच महिने आईला धरून असतं. म्हणजे शंभर जनावरांत पन्नास माद्या धरल्या, तरी त्यातल्या विणाऱ्या आणखी कमी, आणि त्यांना होणाऱ्या पिल्लांतली सगळीच जगतात असंही नाही. अशा कळपातून पाच-सात गावांनी सणासमारंभाला एकेक जनावर मारलं, तरी वर्षाची भर त्यातच संपते. त्यासाठी कोणी क्रूर किंवा हावरट असण्याची गरज नाही. गावं वाढली, खाणारी तोंडं वाढली, एवढं पुरतं.

अशा वेळी आपल्याकडच्या माणसाला सुचणारा उपाय म्हणजे अभयारण्य. सरकारनं अधिसूचना काढायची, वनखात्यानं चौकी बसवायची, आतल्या गावांना बाहेर जागा द्यायची. मेळघाट १९७४ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून महाराष्ट्रात संरक्षणाचं हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. पापुआ न्यू गिनीत ते लागूच पडत नाही. तिथली जवळजवळ ९७ टक्के जमीन परंपरेनं कुळांच्या मालकीची आहे. देशात आठशेहून जास्त भाषा बोलल्या जातात, आणि डोंगराच्या एका सोंडेवरचं कूळ शेजारच्या सोंडेवरच्या कुळासाठी निर्णय घेऊ शकत नाही. जंगल सरकारचं नसेल तर सरकार ते राखणार तरी कसं? मालकाच्या संमतीवाचून तिथे एक झाड वाचवता येत नाही, मग झाडावरचा प्राणी दूरच. काहींना ही अडचण वाटते. मला ती संरक्षणाची सर्वांत प्रामाणिक अट वाटते, कारण संमतीचा प्रश्न आपल्याकडेही असतो, फक्त आपल्याकडे तो पोलिसी बळाखाली झाकला जातो.

जुन्या काळी ही संमती वेगळ्या रूपात होती. टोरिसेलीत काही जागी मासालाय, म्हणजे रानातल्या आत्म्यांचा वास आहे असं मानत. तिथे शिकारीला कोणी पाऊल टाकत नसे, आणि टेनकिलेला आपोआप आसरा मिळत असे. फ्लॅनरी यांनी नोंदवलं आहे की अशाच एका जागी मिशनच्या धर्मगुरूनं पवित्र पाणी शिंपडून तिथली भीती घालवली, आणि मग शिकाऱ्यांना ते रान मोकळं झालं. देवराईतला देव हलवला की पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत कुऱ्हाड आत शिरते, हे कोकणात आणि मावळात पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. पण गेलेली भीती परत आणता येत नाही, आणि आणूही नये. तिच्या जागी काय ठेवायचं, हा खरा प्रश्न होता.

जिम आणि जीन थॉमस हे जोडपं मेलबर्नचं, दोघेही झूकीपर. २००३ साली ते सँडाउन प्रांतातल्या लुमी या गावी राहायला गेले आणि टेनकिले कॉन्झर्वेशन अलायन्स या संस्थेचं काम त्यांनी हाती घेतलं. टेनकिलेची शिकार थांबवण्याची शपथ आधी काही गावांनी घेतली, मग हळूहळू सामील गावांची संख्या पन्नासवर पोचली. शपथ घेणं सोपं असतं, ती पाळायची तर संध्याकाळच्या जेवणाचं काय? या भागातलं मुख्य अन्न साबूचं. साबूचा माड फुलोऱ्यावर यायच्या आधी पाडतात, खोड उभं फोडतात, आतला गर ठेचून काढतात आणि पाण्यात कालवून पिळतात. खाली बसतो तो पांढरा साका. (आपला साबुदाणा आता टॅपिओकाच्या कंदाचा असतो, मूळचा तो या माडाचा.) या साक्यानं पोट भरतं, पण तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. प्रथिनं त्यात नावालाही नसतात, आणि डोंगरात मासळी फारशी नाही. म्हणून रान. टेनकिले खाऊ नका असं सांगताना पोरांच्या ताटातलं मांस आपण काढून घेतो आहोत, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याची शिकारबंदी एका पावसाळ्यापलीकडे टिकत नाही.

उत्तर म्हणून गावांत आले ससे, आणि कोंबड्या. सशीण महिन्याभरात विते, पाच-सहा पिल्लं देते, आणि रताळ्याचा वेल, गवत असल्या घराजवळच्या पाल्यावर पोसली जाते. टेनकिलेची मादी एक पिल्लू पिशवीत वागवते तेवढ्या काळात सशांच्या एका जोडीपासून कुटुंबाला कितीतरी जेवणं मिळतात. त्यापाठोपाठ पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आल्या, संडास आले, शाळेतले कार्यक्रम आले. प्राणी वाचवायला आलेल्यांनी संडास का बांधावेत, हा प्रश्न देणगीदारांना पडतो. कीपरला तो पडू नये. पिंजऱ्यातलं जनावर कसं आहे हे त्याला बोलून कोणी सांगत नाही. काल दिलेल्यातलं किती खाल्लं, किती सांडलं, पाणी प्यायलं का, लेंडी घट्ट की पातळ, हे सकाळी पाहून तो ओळखतो आणि वहीत लिहितो. चारा, पाणी, घाण, आजार, नोंद हा त्याच्या कामाचा क्रम. हीच नजर गावाकडे वळवली की साका, लांबचा झरा आणि लहान मुलांच्या हगवणी ही संरक्षणाबाहेरची प्रकरणं राहत नाहीत. ज्या गावाचं मूल दर पावसाळ्यात आजारी पडतं, त्या गावाला तुम्ही परदेशी प्राणीप्रेमी वाटता. ज्या गावात टाकी बसली, त्या गावाला तुमच्याशी बोलायला कारण मिळतं.

परिणाम मोजायची पद्धतही कीपरच्या वहीतली शोभावी अशी आहे. पानांआड बसलेला टेनकिले सहसा दिसत नाही, म्हणून आखलेल्या रेषेवरून चालत त्याच्या लेंड्या शोधायच्या, मोजायच्या आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधायचा. हे काम गावातले प्रशिक्षित लोकच करतात. संस्थेच्या अंदाजानुसार आता टेनकिले तीनशेच्या वर आहेत. असा अंदाज अचूक नसतो, आणि तीनशे हा आकडा निर्धास्त व्हावं असाही नाही. तरीही ज्या प्राण्याची मादी एका वेळी एकच पिल्लू देते त्याची संख्या तिप्पट झाली असेल, तर शिकार खरोखर थांबली असली पाहिजे. वीण वाढवून हे साधलेलं नाही. मारणं थांबलं म्हणून ते घडलं. गस्तीला एकही सरकारी शिपाई नसताना.

आता आक्षेप. पहिला सशांचा. सशांनी ऑस्ट्रेलियाची काय गत केली हे जगाला ठाऊक असताना, दुर्मीळ प्राण्यांच्या डोंगरात बाहेरचा प्राणी नेण्यात शहाणपण आहे का? आक्षेप रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. ससा सुकी, मोकळी, गवताळ जमीन शोधतो. बारा महिने पाणी निथळणारं घनदाट जंगल त्याला मानवत नाही, आणि खुराड्याबाहेर सुटलेला ससा गावच्या कुत्र्यांच्या तोंडी जाण्याचीच शक्यता जास्त. तरीही धोका शून्य नाही. पण तो दुसऱ्या बाजूच्या धोक्याशी तोलावा लागतो, आणि दुसरी बाजू म्हणजे शंभर टेनकिले आणि त्यांच्या मागावर असलेली शिकारी कुत्री. तेव्हा खुराड्याची निवड मला बरोबर वाटते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. गोऱ्या माणसांनी यायचं, टाक्या द्यायच्या, आणि बदल्यात लोकांनी पिढीजात शिकार सोडायची, ही लाच नव्हे का? लाच ती, जी न केलेल्या कामाची दिली जाते किंवा चोरून दिली जाते. इथे डोंगरातली कुटुंबं रोजच्या अन्नाचा एक भाग सोडत आहेत, आणि टेनकिले टिकल्याचं समाधान मिळतं ते मेलबर्न, लंडन, मुंबईतल्या माणसांना. ज्याला लाभ त्यानं किंमत द्यावी, यात गैर काही नाही. उलट किंमत न देता त्याग मागणं हे आपल्याकडच्या किती अभयारण्यांत झालं! राहता राहिला मालकीचा मुद्दा. जमीन कुळांचीच आहे, शपथ त्यांनी घेतली आहे आणि मोडायचा अधिकारही त्यांच्याकडे आहे. मोडता येते म्हणूनच तिला संमती म्हणायचं.

मालकांच्या संमतीची ताकद आपल्याच देशात दिसली आहे. नागालँडमध्येही जमीन गावांची आणि कुळांची. २०१२ साली वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाण्यांची कत्तल उघडकीस आली. मासेमारीच्या जाळ्यांत अडकवून मारलेले पक्षी लाखाच्या घरात असावेत असा अंदाज होता. पांगती आणि आजूबाजूच्या गावांच्या परिषदांनी बंदी घातली, चर्चनं साथ दिली, आणि २०१३ च्या हंगामात सायबेरियाकडून आफ्रिकेला निघालेले तेच थवे तिथून सुखरूप गेले. कायदा आधीपासून होताच. बदलला तो गावाचा निर्णय. पण ससाणा तिथे हंगामापुरता येत असे आणि त्याची विक्री व्हायची. टेनकिले बारा महिने शेजारी आहे आणि घरात खाल्ला जातो. म्हणून टोरिसेलीतलं काम जास्त अवघड, आणि तिथे नुसता ठराव पुरला नसता.

तिसरा आक्षेप मी मान्यच करतो. देणग्या आटल्या तर काय? ससे, टाक्या, पगारी नोंदकर्मी यांना सतत पैसा लागतो, आणि लाकडाच्या कंपन्यांचा पैसा मात्र एकदम येतो. उपाशी असलेल्या कुळासमोर कधीतरी तो ठेवला जाणारच. त्याला तोड काय, हे त्याच देशात ह्यूऑन द्वीपकल्पावर पाहायला मिळतं. लिसा डाबेक यांनी सिएटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयात मॅटशीच्या वृक्ष-कांगारूंचा अभ्यास केला आणि १९९६ साली त्यांच्या मूळ भूमीत काम सुरू केलं. योप्नो, उरुवा आणि सोम या तीन नद्यांच्या खोऱ्यांतल्या जमीनमालकांनी आपापल्या रानातला काही भाग शिकारीला बंद ठेवण्याचं वचन दिलं. २००९ मध्ये सुमारे ७६ हजार हेक्टरचं क्षेत्र कायद्यानं जाहीर झालं. संवर्धन क्षेत्रांचा कायदा १९७८ चा, आणि त्याखाली जाहीर झालेलं हे पहिलं क्षेत्र. त्याला तीस वर्षं लागली, कारण मालक एकत्र आल्याशिवाय कागदावर काही उतरत नव्हतं. पुढे तिथल्या शेतकऱ्यांची कॉफी सिएटलला विकली जाऊ लागली. म्हणजे देणगीशिवाय येणारं उत्पन्न आणि वचनाला कायद्याचा आधार, दोन्ही. टोरिसेलीलाही या दोन्हींची गरज आहे, आणि त्याशिवाय वीसहून जास्त वर्षांची मेहनत एका करारावरच्या सहीनं धुऊन जाऊ शकते.

दोन्हीकडे सुरुवात प्राणिसंग्रहालयातून झाली, हे आपल्याकडच्या प्राणिसंग्रहालयांनी नीट पाहावं. भायखळ्याच्या राणीबागेत २०१६ साली आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि त्यांना पाहायला मुंबईकरांनी रांगा लावल्या. या पक्ष्याचं घर पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे तो मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो, त्याच्या वाट्याची मासळी माणसं काढून नेतात, घरट्यांभोवतीची विष्ठा खतासाठी खरवडली जाते. म्हणजे त्याचं भवितव्य तिथल्या कोळ्यांच्या हातात आहे, जसं टेनकिलेचं टोरिसेलीच्या कुळांच्या. भायखळ्यातल्या तिकिटाचा काही वाटा त्या किनाऱ्यावरच्या एखाद्या मच्छीमार गावाच्या कामाला जोडता येईल. राणीबागेत पेंग्विनला रोज हातानं मासे चारणाऱ्या माणसाला एक हंगाम तिथे पाठवता येईल, आणि त्याचा खर्च पेंग्विनचं काचघर थंड ठेवण्याच्या खर्चापुढे किरकोळ असेल.