गाव, भिलाटी आणि एकच ग्रामसभा

अमळनेर तालुक्यातल्या खेड्यात पाटील, माळी, कोळी, बौद्ध, मुस्लिम शेजारी नांदतात. भिल्ल आदिवासींची वस्ती, म्हणजे भिलाटी, बहुधा गावाच्या कडेला. घरोघरी अहिराणी, भिलाटीत भिल्ली, पंचायतीच्या इतिवृत्तात मात्र प्रमाण मराठी.

कारभार १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाचा. लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य, निम्म्या जागा महिलांच्या. २०२२पासून सरपंच पुन्हा थेट जनतेतून. त्यामुळे सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, ही पंचाईतही आलीच. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत कमी असेल ती. मजुरीच्या दिवसांत भिलाटीतून कोण येणार?

खरी मेख पुढेच आहे. तापीपलीकडे चोपडा, यावल, रावेरमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा १९९६चा पेसा कायदा लागू, सरपंचपद आदिवासींसाठी राखीव, गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क. अमळनेर या क्षेत्राबाहेर. इथल्या भिल्लांना लोकसंख्येच्या प्रमाणात सदस्यांच्या जागा मिळतात. सरपंचपदाचं आरक्षण मात्र आळीपाळीने फिरतं, तहसीलमधल्या सोडतीच्या चिठ्ठीवर.